ब्रिस्बेनला घर घेतलंत? कारपोर्टच्या मधे खांब घेऊ नका

मंडळी, इकडे नवीन घर घेतलं की वर्षभरात प्रत्येकाचा हाच प्रश्न येतो, की गॅरेजमधे एकच गाडी मावते, दुसरीचं काय करू. उन्हाचं सोडा हो, गारांचं बघा. 31 ऑक्टोबर 2020 ला स्प्रिंगफील्डच्या बाजूला जे झालं त्यात घरांची कौलं फुटली, उघड्यावरच्या गाड्यांचं तर बोलायलाच नको. तर कारपोर्ट, म्हणजे गाड्यांसाठी खांबांवरचं उघडं छप्पर, कराच, पण जरा डोकं लावून.

आपल्या डोक्यात गावाकडची पत्र्याची शेड असते, चार पाइप रोवायचे, वेल्डर बोलवायचा, संध्याकाळी पत्रे ठोकून मोकळं. मी पण पहिल्यांदा स्वस्तातलं किट घेतलं, त्यात पुढे मधोमध एक खांब होता, आणि त्या खांबाने माझा एक आरसा आणि दोन दारं खाल्ली. लहान मुलं असली, चाइल्ड सीट असली की दार पूर्ण उघडावंच लागतं, म्हणून दोन गाड्यांना पुढे 6 मीटर, म्हणजे साधारण वीस फूट, सलग मोकळं ठेवा.

आता हे 6 मीटर फुकट मिळत नाहीत. मधला खांब काढला की पुढच्या बीमचा, म्हणजे आडव्या तुळईचा, गाळा (दोन खांबांमधलं अंतर) 3 चा 6 मीटर होतो, आणि बीम तोच ठेवला तर त्यावरचा वाकवणारा जोर चौपट आणि झोळ सोळापट होतो. दुप्पट नाही, सोळापट! म्हणून बीमची उंची वाढवा, जाडी वाढवून फारसा फायदा नाही. पत्रा थोडा साधा चालेल, पैसे पुढच्या बीममधे घाला.

आणि दुसरी गोष्ट जी आपल्याला पटकन पटतच नाही, इथे छप्पर खाली पडायची भीती कमी, वर उडायची जास्त. चारी बाजू उघड्या, वारा खालून शिरतो. समजा वाऱ्याने चौरस मीटरला 50 किलो वर ओढलं तर 6 बाय 6 च्या छपराला, म्हणजे 36 चौरस मीटरला, झाले 1800 किलो, आणि पत्रा चौरस मीटरला पाच किलो पण भरत नाही. मग धरून ठेवणार कोण, तर पाया. 450 मिमी व्यासाचा, 900 खोल खड्डा भरला तर काँक्रीट साडेतीनशे किलोच्या आत, चार खांबांचे मिळून चौदाशे पण नाही. तोच खड्डा 600 व्यासाचा केला तर एकेक सहाशेच्या वर. हा नुसता अंदाज यावा म्हणून हिशोब, खरा आकडा तुमच्या जागेचा वारा आणि माती बघून इंजिनिअरच देईल, तिथे कंजूषी नको.

घराला न टेकवता स्वतंत्र उभं करताय ना, मग बाजूचा धक्का पण त्यानेच झेलायचा. खांबाखाली नुसती छोटी प्लेट बोल्टने आवळली तर तो सांधा बिजागरीसारखा वागतो, अख्खा सांगाडा कलंडू शकतो. खांब काँक्रीटमधे खोल गाडा नाहीतर बीम-खांबाचा कोपरा कडक जोडून घ्या. तिरके आधार मागे आणि बाजूला द्या, पुढे दिले की उंच गाडीचं टप लागतं. लाकडी खांब जमिनीत जाणार असेल तर एच5 ट्रीटमेंटचा, म्हणजे जमिनीत गाडण्यासाठी रसायन मुरवलेला, घ्या, वाळवी इथे मोकाट आहे. पन्हाळी पत्र्याला निदान 5 अंश उतार लागतो, आणि पन्हळाचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात सोडायचं नाही, त्यावरून भांडणं होतात.

परवानगीचं म्हणाल तर क्वीन्सलँडमधे 10 चौरस मीटरच्या वर बिल्डिंग अप्रूव्हल लागतंच, ते प्रायव्हेट सर्टिफायर, म्हणजे लायसन्स असलेला खाजगी बांधकाम तपासनीस, देतो. रस्त्यापासून साधारण 6 मीटर आत यावं लागतं, नवीन इस्टेट असेल तर डेव्हलपरच्या अटी वेगळ्या, घराच्या कागदांत बघा. काम 3,300 डॉलरच्या वर गेलं की माणूस क्यूबीसीसी (क्वीन्सलँडची बांधकाम नियामक संस्था) लायसन्सवालाच हवा. स्वतः करणार असाल तर 11,000 च्या वर ओनर बिल्डर परमिट काढा. आणि खड्डे मारायच्या आधी बिफोर यू डिग या सेवेच्या साइटवर पत्ता टाकून गॅस-पाण्याच्या लाइनींचे नकाशे मागवा, फुकट मिळतात, माझ्या डाव्या खांबाची जागा त्यामुळेच दीड फूट सरकली.