थंडीनंतर विरळ झालेली स्ट्रिंग ऑफ पर्ल्स परत दाट कशी केली (सातारा)

थंडी संपेपर्यंत मण्यांसारख्या गोल पानांच्या या वेलाच्या हँगिंग कुंडीत वर टक्कल आणि खाली नुसत्या लोंबत्या दोऱ्या, मणी एकमेकांपासून लांब लांब. खत दिलं, जागा बदलली, फरक शून्य, जाम वैताग आला. कमी उजेडात वेल ताणतो आणि ताणलेला भाग परत आखूड होत नाही, त्यामुळे कापावाच लागतो. फेब्रुवारीअखेर नवे कोंब दिसल्यावर स्वच्छ कात्रीने टणक हिरव्या भागापर्यंत छाटलं, ३-४ इंची तुकडे २ दिवस सावलीत सुकवले, मग निम्मी माती निम्मं पर्लाइट (पाणी निचरायला मदत करणारे हलके पांढरे खडे) अशा कोरड्या मिश्रणावर त्याच टकलाच्या जागी वेटोळं करून आडवे ठेवले आणि हेअरपिनने पेरं मातीला टेकवली, मुळं तिथूनच फुटतात त्यामुळे हे नीट कराच. पहिला आठवडा पाणी नाही, नंतर माती पूर्ण सुकली की थोडंच. सकाळचं ऊन कुंडीच्या माथ्यावर पडलं पाहिजे, एप्रिलपासून दुपारी सावली. आता वरून मस्त भरलीय.