पाण्याच्या फवाऱ्यातून होणारा न्युमोनिया: लिजनेला ओळखताना या चुका टाळा

न्युमोनिया झाला की आपण पावसात भिजणं, गारठा, नाहीतर घरातल्या कोणाच्या तरी खोकल्यावर खापर फोडतो, पाण्याचा विचार कोणी करत नाही आणि केलाच तर पिण्याच्या पाण्याचा करतो. पहिली चूक इथंच होते. लिजनेला हा बॅक्टेरिया मुख्यतः पाण्याचे बारीक तुषार श्वासात गेल्यामुळे फुफ्फुसात पोचतो, म्हणजे शॉवर, कारंजं, कूलिंग टॉवर (मोठ्या एसीचं पाणी गार करणारा), नळाचं पाणी घालून लावलेला नेब्युलायझर. घरात आरओ आहे, पाणी उकळून पितो, चांगलंच आहे, पण याच्यापुढं त्याचा फारसा उपयोग नाही.

दुसरं म्हणजे कोमट पाणी. 25 ते 45 डिग्रीच्या पाण्यात, त्यातही साचलेल्या आणि पाइपला आतून शेवाळासारखा बुळबुळीत थर असेल तिथं, हा मस्त वाढतो. सांगली-मिरजेत आता गच्चीगच्चीवर सोलर आहे, पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही आणि टाकीतलं पाणी ना गार ना गरम असं पडून राहतं. बॅकअप हीटर असेल तर टाकी 60 डिग्रीपर्यंत तापू द्या (नळाला मात्र गार पाणी मिसळूनच घ्या, लहान पोरं भाजतात). महाबळेश्वर-पाचगणीला ऑफ सीझनमध्ये बंद ठेवलेल्या रूम दिवाळीत थेट गिऱ्हाइकाला देऊ नका, आधी सगळे नळ सोडून पाणी वाहू द्या, शॉवरचं तोंड काढून पिशवीत धरा म्हणजे तुषार उडत नाहीत.

आणि "आमच्याकडं टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतात, ओटी टेस्ट येते" हे ऐकून निर्धास्त होऊ नका. ओटी टेस्ट फक्त क्लोरीन आहे का ते सांगते, आणि पाणी पिण्यायोग्य असल्याचा रिपोर्ट कोलिफॉर्म (पाण्यात मैला मिसळल्याची खूण सांगणारे जंतू) बघून देतात, लिजनेला त्यात बघतच नाहीत. वर तो त्या बुळबुळीत थरात आणि अमिबाच्या पोटात लपतो, तिथं क्लोरीन नीट पोचत नाही.

आता पेशंटचं. ताप, कोरडा खोकला, दम लागणं, सोबत जुलाब, बडबडणं किंवा गोंधळल्यासारखं वागणं, रक्तात सोडियम कमी, असं एकत्र दिसलं, त्यात माणूस पन्नाशीपुढचा, शुगरवाला किंवा बिडी-सिगरेटवाला असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, लिजनेलाची टेस्ट करायची का. साध्या न्युमोनियाला देतात ती पेनिसिलिनच्या घरातली औषधं इथं चालत नाहीत कारण हा पेशींच्या आत राहतो, अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लागतं. पण मेडिकलमधून आपल्या मनानं गोळ्या घेऊ नका, डोस आणि दिवस डॉक्टरच ठरवणार.

लघवीची टेस्ट लवकर होते, पण ती प्रामुख्यानं सेरोग्रुप 1 हा लिजनेलाचा एकच उपप्रकार पकडते. ती निगेटिव्ह आली म्हणून विषय संपत नाही. बेडका पीसीआर आणि कल्चरला पाठवा, आणि लॅबला "लिजनेला" असं नाव लिहून द्या, कारण लॅबमध्ये जंतू वाढवायच्या नेहमीच्या प्लेटवर हा उगवतच नाही, त्याला कोळशाची पूड आणि यीस्टचा अर्क घातलेली काळी प्लेट लागते आणि काही दिवस थांबावं लागतं. 1976 ला अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर 29 जण गेले, तरी कारण सापडायला जवळपास सहा महिने लागले, जानेवारी 1977 मध्ये सीडीसी या तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या जोसेफ मॅकडेड यांनी जंतू पकडला. तिथं हॉटेलात न गेलेले, नुसते बाहेरच्या फुटपाथवर असलेले लोकही आजारी पडले होते, म्हणजे साथ शोधताना "त्यांनी तिथलं खाल्लं का" एवढंच विचारून भागत नाही.

म्हणून एकाच लॉज, हॉस्पिटल किंवा गल्लीशी संबंध असलेले दोन पेशंट आले तरी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा, दहावा पेशंट यायची वाट बघू नका. मागच्या 14 दिवसांत कुठं राहिलात, कुठं अंघोळ केली, कुठल्या कूलिंग टॉवरच्या वाऱ्याला होता, हे पेशंट शुद्धीवर असतानाच लिहून घ्या.

सगळ्यात वाईट चूक मालक लोक करतात, आरोग्यवाले येणार म्हटलं की घाईघाईनं टाकी धुतात, टॉवर रिकामा करतात. पुरावा गेला, आता पेशंटच्या जंतूशी जुळवून बघायला काय उरलं? पंखा आणि फवारा लगेच बंद करा, ते बरोबरच आहे, पण आधी सॅम्पल घेऊ द्या, लिटरभर पाणी, पाण्यातल्या क्लोरीनचा परिणाम थांबवायला बाटलीत सोडियम थायोसल्फेट, आणि शॉवरच्या आतून स्वॅब. त्यानंतर खुशाल धुवा.