माशाचा डोळा पांढुरका झाला किंवा सुजला? औषध टाकण्याआधी या चुका टाळा

टँकमधल्या माशांना पापण्या नसतात. डोळा चोवीस तास थेट पाण्यातच असतो, त्यामुळे पाणी बिघडलं की ते डोळ्यावर दिसायला वेळ लागत नाही. तरीही डोळा जरा वेगळा दिसला की बहुतेकांचा हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

डोळा नीट न बघताच निदान करणं

आधी काच पुसा. शेवाळ आणि ओरखड्यांमुळे निरोगी डोळाही धुरकट दिसतो, तर गोल बाऊलच्या काचेतून तो उगाच मोठा वाटतो. मग टँकचा दिवा चालू ठेवूनच एका बाजूने तिरका टॉर्च मारा. अंधारात एकदम झोत टाकला तर मासा घाबरून काचेवर आपटतो.

आता बघायचं ते हे: पांढुरकेपणा वर आहे की आत? चष्म्यावर वाफ धरावी तसा पातळ पडदा पृष्ठभागावर असेल, तर डोळ्याचा बाहेरचा थर दुखावला आहे. खराब पाणी, घासणं, मारामारी ही त्याची नेहमीची कारणं. वरचा थर काचेसारखा स्वच्छ, पण बाहुलीच्या आत मोत्यासारखा पांढरा गोळा दिसतोय? तो मोतीबिंदू. वय, निकृष्ट आहार किंवा भिंगात शिरलेले परजीवी यामुळे तो होतो आणि पाण्यात टाकायच्या कुठल्याही औषधाने जात नाही. डोळ्यावर कापसासारखा पुंजका असेल, तर जखमेवर बुरशी किंवा जिवाणू वाढलेले असतात.

सूज मात्र बाजूने बघून नीट कळत नाही. वरून बघा आणि दोन्ही डोळे ताडून पाहा.

एक डोळा आणि दोन्ही डोळे यात फरक न करणं

एकच डोळा बाहेर आलेला असेल तर बहुतेक वेळा मार लागलेला असतो: टोकदार दगड, जाळी, दुसऱ्या माशाची धडक. दोन्ही सुजले असतील तर पाणी किंवा शरीरातला संसर्ग यांचा संशय घ्या. त्यासोबत पोट फुगून खवले उभे राहिले असतील, तर शरीरात पाणी साठतंय, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. अशा वेळी माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना विचारा.

टेलिस्कोप, बबल आय, सेलेस्टियल या जातींच्या गोल्डफिशचे डोळे मुळातच फुगीर दिसतात. मासा धडधाकट असताना त्याचा वरून एक फोटो काढून ठेवा, पुढे तुलनेला फार उपयोगी पडतो.

पाणी न तपासणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. पाणी स्वच्छ दिसतं म्हणजे चांगलं असतं, असं नाही. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून पाण्यात तयार होणारे अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यच हवेत. नायट्रेट 40 पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) खाली, 20च्या आत असेल तर उत्तम. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप) आणि तापमान जास्त असेल तर तेवढाच अमोनिया अधिक विषारी ठरतो. दोन-चार दिवसांपूर्वी फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला होता का, हे आठवून बघा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने स्पंजमधले अमोनिया संपवणारे उपयुक्त जिवाणू मरतात आणि अमोनिया चढतो. स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळावा.

25 ते 30 टक्के पाणी बदला. नवीन पाण्यातलं क्लोरीन काढलेलं असावं आणि तापमानात एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक नसावा. अमोनिया दिसत राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बदला. साधा वरवरचा धुरकटपणा बऱ्याचदा एवढ्यावरच काही दिवसांत निवळू लागतो.

अंदाजाने मीठ आणि औषध टाकणं

सूज उतरायला एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, वापरतात. जेवणातलं मीठ ते काम करत नाही. प्रमाण 20 लिटरला एक सपाट छोटा चमचा, साधारण 5 ग्रॅम. त्यासाठी टँकमध्ये खरोखर किती पाणी आहे ते काढा: लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला 1000ने भागा. 60 × 30 × 30चे 54 लिटर होतात; खडी-दगडांची जागा वजा केली की 45च्या आसपास, म्हणजे सव्वादोन चमचे. ते मगभर टँकच्या पाण्यात विरघळवून हळूहळू ओता. हे मीठ बाष्पीभवनाने उडत नाही, म्हणून पाणी बदलल्यावर फक्त बदललेल्या पाण्यापुरतंच घाला. याने सूज ओसरते, जिवाणू मरत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

अँटिबायोटिक लागलंच तर ते वेगळ्या टँकमध्ये द्या, नाहीतर मुख्य फिल्टरमधले जिवाणूही जातात. तिथल्या फिल्टरमध्ये कार्बन, म्हणजे कोळशाचे दाणे, असेल तर काढा, तो औषध शोषून घेतो. दुसऱ्या दिवशी फरक दिसला नाही म्हणून औषध बदलू नका. सूज उतरायला कित्येकदा काही आठवडे लागतात.

मासा जाळीने पकडणं

सुजलेला डोळा जाळीच्या धाग्यात अडकून फाटू शकतो. रुंद तोंडाचं भांडं पाण्यात आडवं धरा आणि माशाला हळूच आत वळवून पाण्यासकट उचला.

डोळा कायमचा गेला तरी मासा जगतो. खाणं रोज एकाच कोपऱ्यात, एकाच वेळी टाका, दगड-झाडांच्या जागा बदलू नका आणि त्याच्या वाटचं खाणं पळवणारे चपळ मासे वेगळे ठेवा.