पाठवलेला ईमेल नेमका कुठे अडकला, हे कसे शोधावे?

नागपुरातल्या धरमपेठेतल्या कार्यालयातून पुण्याला पाठवलेला ईमेल पोहोचला नाही, की बोल लागतो तो थंडरबर्डला किंवा आउटलुकला. वास्तविक या क्लायंटांचे, म्हणजे आपल्या संगणकावरच्या मेल-प्रोग्रामांचे, काम मेल लिहिणे, सर्व्हरकडे (मेल पुढे पोहोचवणाऱ्या संगणकाकडे) सोपवणे आणि आलेला दाखवणे एवढेच. पुढची ने-आण पोस्टफिक्स किंवा एक्झिमसारखे सर्व्हरवरचे सॉफ्टवेअर करते. सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओच्या पेटीत पाकीट टाकल्यावर ते टपालखात्याच्या हाती जाते, तसेच हे. म्हणून मेल सध्या कोणाच्या ताब्यात आहे, ते आधी ठरवावे.

प्रथम आउटबॉक्स उघडावा. मेल तिथेच असेल तर तो अजून क्लायंटकडेच आहे. अशा वेळी इंटरनेट, पासवर्ड आणि पोर्ट (सर्व्हरशी जोडणीच्या दाराचा क्रमांक) तपासावे. मेल सोपवण्यासाठी ५८७ किंवा ४६५ हे पोर्ट असते. २५ हे सर्व्हरांच्या आपसांतल्या व्यवहाराचे असून, अनेक इंटरनेट कंपन्या ग्राहकांसाठी ते बंद ठेवतात.

मेल ‘सेंट’मध्ये दिसला, तर आपल्या सर्व्हरने तो स्वीकारला, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. आता इनबॉक्समध्ये ‘मेलर-डीमन’चे, म्हणजे मेल न पोहोचल्याचे सर्व्हरने आपोआप पाठवलेले, उत्तर आले आहे का, ते पाहावे. त्यातला आकडा ५ ने सुरू होत असेल (उदाहरणार्थ ५५०) तर नकार कायमचा आहे. पत्ता अक्षरशः पुन्हा वाचावा. ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती असून सर्व्हर स्वतःच पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्सच्या मूळ सेटिंगमध्ये या प्रयत्नांची मुदत ५ दिवसांची आहे. दरम्यान तोच मेल चारदा पाठवू नये, कारण अडचण दूर होताच चारही प्रती जाऊन थडकतात.

मेल उशिरा पोहोचल्याची तक्रार असेल, तर मिळालेल्या मेलचा मूळ मजकूर उघडायला सांगावे. थंडरबर्डमध्ये कंट्रोल आणि यू दाबल्यास तो दिसतो. प्रत्येक सर्व्हर आपली ‘रिसीव्ड’ ओळ सर्वांत वर जोडतो, म्हणून वाचन खालून वर करावे. वेळ मोजताना मात्र वेळेचा विभाग (भारतीय वेळ +०५३०, जागतिक वेळ +००००) पाहावा: एका ओळीत ०९:१० +०५३० आणि पुढच्या ओळीत ०३:५२ +०००० असेल, तर विलंब केवळ १२ मिनिटांचा आहे.

कोणतेही उत्तर आले नसेल, तर समोरच्याला ब्राउझरमधून स्पॅमसकट सगळे फोल्डर पाहायला सांगावे. तिथे मेल सापडला, तर वाहतूक पूर्ण झालेली आहे. क्लायंटमध्ये तो का उतरत नाही, हे त्यांच्या आयमॅप किंवा पॉप (सर्व्हरवरचा मेल क्लायंटमध्ये आणण्याच्या दोन पद्धती) सेटिंगमध्ये शोधावे. इनबॉक्स ब्राउझरमध्येही रिकामाच दिसत असेल, तर पॉपवर चालणारा एखादा जुना संगणक मेल उतरवून सर्व्हरवरची प्रत पुसत नाही ना, हेही विचारावे.