डीपी जळाली म्हणजे नेमकं काय जळालं? शब्दाचा बरोबर अर्थ पकडायची आमची पद्धत

चोपड्याला माझं फॉर्म भरायचं दुकान आहे, म्हणजे सातबारा, पीकविमा, शाळेचे दाखले, लाईट बिल, जे येईल ते. मागच्या उन्हाळ्यात एक नाना आले, डोक्याला रुमाल, घामाघूम, म्हणे भाऊ आठ दिवस झाले डीपी जळाली, केळी उभी वाळून राहिली, तक्रार टाक लवकर. मी दुसऱ्या गिऱ्हाइकात होतो म्हणून भाच्याला म्हटलं तू टाईप कर. भाचा कॉलेजचा, त्याला इंग्रजीत टाकायची हौस, त्यानं मोबाईलच्या भाषांतर ॲपमध्ये नानांचं बोलणं जसंच्या तसं घातलं आणि जे आलं ते चिकटवून मोकळा झाला. सबमिट दाबायच्या आधी मी वाचलं म्हणून वाचलो (बघा, हा पण तसलाच शब्द). त्या इंग्रजीचा अर्थ होत होता की आमचा प्रोफाईल फोटो आठ दिवसांपूर्वी जळाला असून त्यामुळे केळी उभ्या उभ्या वाळत आहेत.

भाचा खोटा नव्हता. त्याच्यासाठी डीपी म्हणजे व्हॉट्सॲपचा फोटो. नानांसाठी डीपी म्हणजे वावराच्या बांधावरचा ट्रान्सफॉर्मर, ज्याला सरकारी मराठीत रोहित्र म्हणतात आणि बोलताना कोणीच म्हणत नाही. आणि नगरपालिकेत गेलात तर डीपी म्हणजे शहराचा विकास आराखडा, "हा डीपी रोड आहे" म्हणतात तो. तिघंही बरोबर, फक्त तिघांना एका खोलीत बसवू नका.

त्या दिवसापासून भाच्याला मी जे शिकवलं तेच इथं लिहितो, शाळेत सेमी इंग्लिशवाल्या पोरांना, फॉर्म भरणाऱ्यांना आणि भाषांतर करणाऱ्यांना उपयोग होईल.

सगळ्यात आधी बघायचं कोण बोलतंय आणि कुठं उभा राहून बोलतंय. यासाठी माझा आवडता शब्द म्हणजे उतारा. तलाठ्याच्या दारात उतारा म्हणजे सातबारा, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र केलेला कागद. साखर कारखान्यात उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली ते. जिनिंगमध्ये उतारा म्हणजे कापसातून रुई किती पडली, साधारण तिसरा हिस्सा पडते. मराठीच्या पेपरात उतारा म्हणजे वाचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहा. विषावर उतारा असतो. आणि चौकात लिंबू, भात, गुलाल ठेवलेला दिसला की आजी ओरडते, ओलांडू नको, उतारा आहे तो! आता फोनवर नुसतं कोणी विचारलं "उतारा काढला का?" तर काय समजायचं? विचारणारा गावातल्या पीककर्जाच्या सोसायटीचा सेक्रेटरी असेल तर माझ्या दुकानात या, आणि विचारणारी आजी असेल आणि घरात बारकं लेकरू दोन दिवस किरकिर करत असेल तर मीठमोहरी घ्या. शब्द तोच, क्रियापदही तेच, म्हणून बोलणारा बघितल्याशिवाय इथं काहीच कळत नाही.

दुसरी गोष्ट मराठीनं आपल्याला फुकट दिलीय आणि आपण ती वापरत नाही, ती म्हणजे तो, ती, ते. माझे केस आणि माझी केस, एक न्हाव्याकडं आणि एक वकिलाकडं. हार घातला आणि हार झाली, निवडणुकीच्या निकालाला दोन्ही एकाच दिवशी बघायला मिळतं. आणि नुसतं लिंगावर भागत नसेल तर शब्दाला प्रत्यय लावून बघा, आत काय लपलंय ते लगेच बाहेर येतं. मान घ्या. मानेला म्हटलं की गळ्यामागची, मानाला म्हटलं की सत्काराचा. पाठीवर म्हटलं की अंगाची, पाठात म्हटलं की पुस्तकातला. माळेत मणी असतात, माळावर मेंढरं असतात. वेळ तर फार भारी शब्द आहे, ती वेळ म्हणजे ठरलेली, तो वेळ म्हणजे हातात असलेला, म्हणून आपण "वेळेवर ये" म्हणतो आणि "वेळात वेळ काढून ये" म्हणतो, आणि ही गडबड सहसा कोणी करत नाही, चौथीतलं पोरगं पण नाही. म्हणजे नियम आपल्या तोंडात आहे, फक्त वाचताना आपण तो लावत नाही.

आमच्याकडं याच्यावरून एक गंमत होते. खान्देशात शेताला वावर म्हणतात, ते वावर, आमचं वावर. आणि पेपरात बातमी येते "परिसरात बिबट्याचा वावर". सातपुड्याच्या पायथ्याला अशा बातम्या नेहमीच्या, केळीच्या बागेत त्याला लपायला गारवा मिळतो. माझ्या बहिणीच्या पोरानं, पहिलीत होता तेव्हा, ती हेडलाईन वाचून विचारलं होतं, मामा बिबट्यानं वावर कधी घेतलं, त्याचा उतारा तू काढला का? हसून झालं की नीट बघा, "बिबट्याचा वावर" आहे, "बिबट्याचं वावर" नाही. त्या एका "चा" नं सगळं सांगितलेलं आहे. हाच तो भाचा बरं का, डीपीवाला, लहानपणापासून सवय आहे त्याला.

पण काही शब्द असे हट्टी की लिंग बदलतच नाहीत, तिथं शेजारचं क्रियापद धरायचं. काटा बघा. काटा रुतला, बाभळीचा. काटा आला, अंगावर. काटा सरकला, घड्याळाचा. काटा लागला घशात, म्हणजे तापीचा मासा खाताना घाई केली. काटा केला, म्हणजे कापसाची गाडी वजनाला लावली. काटा मारला म्हणजे त्या वजनात व्यापाऱ्यानं हात साफ केला, आणि काटा काढला म्हणजे एकतर पायातला काढला नाहीतर राजकारणातला. शब्दकोशात काटा एकटा शोधत बसण्यापेक्षा तो क्रियापदासकट उचला, निम्मं काम तिथंच होतं.

आता इंग्रजीतून आलेल्या शब्दांकडं येऊ, कारण फॉर्मात आणि अभ्यासात खरा घोळ तिथं आहे.

लाईट. याला माझी युक्ती म्हणजे उलट शब्द विचारायचा. उलट अंधार आला तर प्रकाश, उलट जड आलं तर हलकं, उलट गडद आलं तर फिका रंग, उलट सिरियस आलं तर "लाईटमध्ये घे यार" वाला लाईट. पण गावाकडं "लाईट गेली" ला यातलं एकही चालत नाही, भर दुपारी बारा वाजता डोक्यावर ऊन असताना पण लाईट जाते, कारण ती वीज आहे. त्याच्याही पुढं आमच्याकडं "या आठवड्यात आमची रातची लाईट आहे" असं म्हणतात, आणि पुण्याहून आलेला पाहुणा म्हणतो रात्री लाईट लागतेच की. अरे बाबा, याचा अर्थ थ्री फेज सप्लाय या आठवड्यात रात्री मिळणार, मोटार तेव्हाच चालणार, म्हणजे माणूस बॅटरी घेऊन रात्री दोनला पाणी भरायला वावरात जाणार. इथं रातच्या लाईटीच्या उलट दिवसाची लाईट, अंधार नाही. आणि शेजारून हाक आली "लाईट उनी का?" तर ते ऊनही नाही आणि उणं पण नाही, अहिराणीत उनी म्हणजे आली.

या लाईटची अजून एक गोष्ट मला लय आवडते. इंग्रजीत उजेडाचा लाईट आणि हलका लाईट हे एकाच शब्दाचे दोन अर्थ नाहीतच, ते मुळात दोन वेगळे शब्द आहेत जे घासून घासून सारखे दिसायला लागले, म्हणून चांगल्या कोशात ते वेगळे नंबर टाकून दिलेले असतात. उजेडवाला आपल्या संस्कृतच्या रुच् धातूचा नातेवाईक, रुच् म्हणजे चमकणे. आणि हलकावाला आपल्या लघु शब्दाचा नातेवाईक. आणि आपला मराठी हलका कुठून आला? त्याच लघु पासून, लघुक, मग लहुक, मग अक्षरांची अदलाबदल होऊन हलुक, हलका. म्हणजे "लाईट म्हणजे हलका" असं पोरगं पाठ करतं तेव्हा ते दोन चुलतभावांची ओळख करून देत असतं आणि त्याला पत्ता नसतो.

अभ्यासातलं एक जाता जाता, लाईट इयर मध्ये इयर असलं तरी ते अंतर आहे, साधारण ९.४६ लाख कोटी किलोमीटर. "दहा लाईट इयरपूर्वी" असं लिहिलं की मार्क गेला.

फील्डला उलट शब्दाची युक्ती लागू पडत नाही, फील्डची उलट काय सांगणार? तिथं अदलाबदल करायची, म्हणजे फील्ड काढून दुसरा शब्द बसवून बघायचा. मुलगा कोणत्या फील्डमध्ये आहे, इथं धंदा बसतो. साहेब फील्डवर गेलेत, इथं "ऑफिसात नाहीत" एवढंच बसतं, कुठं गेलेत ते देवाला माहीत. मॅच असेल तर मैदान. मोटार वाइंडिंगच्या दुकानात फील्ड म्हणजे तांब्याचं गुंडाळं, ज्याच्यातून करंट गेला की चुंबक तयार होतो. फिजिक्सच्या पुस्तकात ज्याला चुंबकीय क्षेत्र म्हणतात ते म्हणजे चुंबकाभोवतीचा तो पट्टा जिथं त्याची ओढ लागते, कागदावर लोहकीस टाकून कागदाला टिचकी मारली की त्याच्या रेषा दिसतात, मायकेल फॅरेडेनं १८४० च्या दशकात ही कल्पना मांडली. आणि बदलीसाठी कोणी फिल्डिंग लावत असेल तर तिथं बॅट बॉल काही नसतं, वशिला असतो.

माझ्या दुकानात मात्र फील्ड म्हणजे फॉर्मातला रकाना. पीकविम्याच्या फॉर्मात एक रकाना असतो क्षेत्र नावाचा, आता हे क्षेत्र म्हणजे फिजिक्सचं नाही आणि प्रकाशासारखं तीर्थक्षेत्र पण नाही (आणि प्रकाशा हे आमच्याकडं तापीकाठचं गाव आहे, उजेड नाही, शहादा तालुक्यात, दक्षिण काशी म्हणतात त्याला), हे क्षेत्र म्हणजे जमिनीचं माप. इथं लोक हमखास चुकतात म्हणून जरा थांबतो. सातबारावर हेक्टर आणि आर असतं, एका हेक्टरचे १०० आर. एक एकर म्हणजे ४० गुंठे म्हणजे साधारण साडेचाळीस आर, गुंठा आणि आर जवळपास सारखेच. तुमच्या उताऱ्यावर ०.८१ असेल तर ते शून्य हेक्टर एक्क्याऐंशी आर, म्हणजे दोन एकर. पॉइंट विसरून ८१ टाकलं तर तुम्ही दोनशे एकरचे जमीनदार झालात आणि फॉर्म परत आला. अर्थ कळला तरी एकक बघायचं राहून जातं ते असं.

कॅमेऱ्याचं प्रकरण वेगळं आहे, इथं शब्दाचा जन्म कळला की सगळं सुटतं. पेपरात येतं "सुनावणी इन कॅमेरा होणार". दुकानात बसलेल्या चार माणसांनी ठरवलं की चला, आता टीव्हीवर दिसणार. एकदम उलट. इन कॅमेरा म्हणजे बंद खोलीत, बाहेरच्या माणसाला आत प्रवेश नाही, पोक्सोचे, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराचे खटले असेच चालवतात, लेकराची ओळख बाहेर जाऊ नये म्हणून. लॅटिनमध्ये कॅमेरा म्हणजे खोलीच. पूर्वी अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र ठेवायचे आणि बाहेरचं चित्र समोरच्या भिंतीवर उलटं पडायचं, त्याला कॅमेरा ऑब्स्क्युरा म्हणजे अंधारी खोली म्हणायचे, केप्लरनं १६०४ मध्ये हे नाव वापरलं. पुढं ती खोली छोटी होत होत पेटी झाली, पेटीची खिशातली डबी झाली, आणि नावातली अंधारी गळून नुसती खोली राहिली. चेंबर पण याच घरातला, आणि कॉम्रेड पण, एका खोलीत राहणारा तो कॉम्रेड. धुळे अमळनेर या गिरण्यांच्या गावांत कॉम्रेड शब्द काही नवा नाही, पण त्याच्या पोटात कॅमेरा आहे हे मला पण उशिराच कळलं.

अजून एक, जोडशब्द फोडू नका. आमच्याकडं केळीची मृगबाग असते आणि कांदेबाग असते. कांदेबागेत कांदा शोधायला जाऊ नका, ती पण केळीच, फक्त लागवड ऑक्टोबर नोव्हेंबरची, आणि मृगबाग जून जुलैची. भाषांतर ॲपला कांदेबाग दिलं तर ते कांद्याचा बगीचा करून देणार. म्हणून ॲपला एकटा शब्द कधी द्यायचा नाही, अख्खं वाक्य द्यायचं, शक्यतो मागचं पुढचं एकेक वाक्य पण, कारण ते शेजारचे शब्द बघूनच अंदाज बांधतं, आणि जे आलं ते पुन्हा उलटं मराठीत करून वाचायचं, फोटो जळालेला तिथंच दिसतो. जुने शब्द अडले तर मोल्सवर्थचा मराठी इंग्रजी कोश बघा, १८५७ ची दुसरी आवृत्ती नेटवर फुकट शोधता येते, गावाकडचे कितीतरी शब्द त्यात सापडतात. डीपी तेवढी सापडणार नाही.

नानांचा अर्ज मग मी पुन्हा लिहिला. शिवार, गट नंबर, "वावरातलं ६३ केव्हीएचं रोहित्र जळाल्यामुळे आठ दिवसांपासून कृषिपंपांचा वीजपुरवठा बंद आहे". एकदम पक्कं, कुठंही दुसरा अर्थ निघायला जागा नाही. वाचून दाखवलं. नाना रोहित्र या शब्दावर थांबले, दोनदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "डीपी बी लिखी ठेव भो, नहीतर वायरमनले काय समजी?"

लिहिलं मग, रोहित्र म्हणजे डीपी.