ओट्याच्या फडक्यासाठी सूत घेताना

माझं माहेर सोलापूरचं. टॉवेल पाणी पितो की नुसताच भिजतो, हे तिथल्या पोरीबाळींच्या बोटांनासुद्धा कळतं. लग्न होऊन पुण्याला आले तरी ती सवय सुटली नाही. आता हौस म्हणून ओटा आणि भांडी पुसायची फडकी सुयांवर विणते. ‘सूत कुठलं घेऊ?’ असं कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून हे लिहून ठेवते.

दुकानात पहिला हात जातो तो चकचकीत गुंड्याकडे. तो बहुतेक मर्सराइज्ड असतो. कॉस्टिक सोड्याने सुताचा कायापालट करायची करामत जॉन मर्सर नावाच्या इंग्रजाने १८४४ मध्ये शोधली. ताण देऊन चकाकी आणायचं पुढे दुसऱ्यांना सुचलं. सूत मजबूत होतं, रंगही झकास धरतं. तोरण करा, ताटावरचा रुमाल करा, छानच दिसेल. फडक्याला मात्र मी घेत नाही. गुळगुळीतपणामुळे ते ओट्यावरचं पाणी टिपण्याऐवजी पुढे ढकलत नेतं. आपल्याला हवं साधं, मंद दिसणारं, किंचित लव असलेलं सूत.

पण कोरं, म्हणजे न धुतलेलं, न रंगवलेलं सूत घेतलंत तर एक गंमत होते. पहिल्यांदा मी सोलापूरहून कोऱ्या सुताची लडी आणली, फडकं विणलं आणि ओट्यावर फिरवलं. अळवावरचं पाणी! थेंब फडक्यावरून घरंगळत गेले. मला वाटलं, सूतच खोटं. खोटं काही नव्हतं. कापसाच्या तंतूवर मुळातच मेणाचा थर असतो, आणि मागासाठी तयार केलेल्या सुताला वर खळही असते. मोठ्या पातेल्यात पाणी, दोन चमचे धुण्याचा सोडा, थोडा साबण घालून अर्धा तास उकळलं, तर पाणी चहासारखं पिवळट झालं. तेच फडकं वाळल्यावर सांडलेलं वाटीभर पाणी टिपू लागलं. तेव्हापासून मी दुकानातच थोडा धागा मागून घेते आणि घरी वाटीभर पाण्यावर सोडते. लगेच बुडाला तर सूत तयार आहे. तरंगत बसला तर आधी उकळायचं.

लेबलवरच्या ‘कॉटन’वर विसंबू नका. एकदा दुकानदाराने शपथेवर सांगितलं म्हणून सहा गुंडे घेतले. त्या सुताच्या फडक्याने भाकरीचा तवा उतरवायला गेले, तर फडक्याची कड तव्यालाच चिकटली. तवा खरवडताना दुकानदाराची आठवण निघाली, ती लिहिण्यासारखी नाही. आता सुताचा तुकडा चिमट्यात धरून मोरीत जाळून बघते. कापूस असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत भुगा होते. अॅक्रिलिक असेल तर ते वितळतं आणि टोकाला काळा टणक मणी होतो. दोन्हींचं मिश्रण असलं तरी तो खडा बोटाला लागतोच.

जाडीबद्दल थोडं. मागाच्या सुताचा काउंट म्हणजे एक पौंड सुतात ८४० वारांच्या किती लड्या बसतात तो आकडा. म्हणून काउंट वाढला की सूत बारीक. आपल्या सुयांचंही तसंच, नंबर वाढला की सुई बारीक. दोन पदरी विसाचं, म्हणजे वीस काउंटचे दोन पदर पिळलेलं सूत मिळालं तर असे आठ धागे एकत्र घ्या. शंभर ग्रॅममध्ये साधारण २१० मीटर भरतं, आणि ८ नंबरच्या म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुईवर घट्ट वीण येते. आठांतला एखादा धागा सुईखालून निसटतो आणि पुढे त्याचा फास लोंबतो. त्याचा वैताग येत असेल तर सरळ विणकामाचा पिळलेला गुंडा घ्यावा. पीळ नखाने उलगडून बघा. सहज सुटून कापूस हाताला आला तर काचेच्या पेल्यांवर लव राहील, आणि दोरीसारखा कडक असेल तर फडकं पाणी धरणार नाही.

गडद लाल आणि निळा मी टाळतेच. घ्यायचाच असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालावर धागा घासून बघा. माझ्या मरून फडक्याने यांचे तीन बनियन गुलाबी केले होते.

चाळीस टाके घाला आणि सगळ्या ओळी सुलट विणा, वीतभर रुंद फडकं होतं. साधारण चाळीस ग्रॅम सूत लागतं, म्हणजे शंभराच्या गुंड्यात दोन होऊन थोडं उरतं. एक उलट एक सुलटची, आई ‘साबुदाण्याची’ म्हणायची ती वीण जास्त खरखरीत येते. दुधाचा डाग पुसायला ती बरी.

आणि पावसाळ्यासाठी वेगळी फडकी ठेवा. आठ धाग्यांचं जाड फडकं जुलैत दोन दिवस वाळत नाही, आणि मग त्याला जो कुबट वास येतो तो पातेल्यालाही लागतो. पावसाळ्याची मी सहाच धाग्यांची, जरा सैल विणते, आणि दोनऐवजी चार करते.