माउस गेल्यावर मूळ रंग परत आणताना

माउस आला की वेबपानावरच्या बटणाचा रंग बदलायचा, गेला की पूर्ववत करायचा. एवढंच हवं असेल तर जावास्क्रिप्टच्या वाटेला जाऊच नका, पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमधला होव्हर पुरेसा आहे. पण यादीतल्या नावावर माउस नेल्यावर दुसरीकडच्या नकाशातला भाग रंगवायचा असेल, तर जावास्क्रिप्टचा इव्हेंट हँडलर, म्हणजे अशी घटना घडली की चालणारा कोड, हाच सोयीचा.

खरी गोची होते रंग परत आणताना. बरेच जण माउस बाहेर गेल्यावर थेट पांढरा रंग लिहून मोकळे होतात. उद्या स्टाइलशीटमध्ये (सीएसएसच्या नियमांत) मूळ रंग पिवळसर केलात, तरी माउस एकदा फिरून गेलेला घटक पांढराच राहतो, कारण इनलाइन स्टाइल, म्हणजे थेट त्या घटकावर लिहिलेली स्टाइल, स्टाइलशीटवर मात करते. त्याऐवजी स्टाइलच्या बॅकग्राउंडकलरला रिकामी स्ट्रिंग द्या. इनलाइन रंग निघून जातो आणि स्टाइलशीटमधला आपोआप दिसू लागतो. मला विचाराल तर हँडलरमध्ये रंगाचं नावच नको. क्लासलिस्टने घटकाला एक क्लास (सीएसएस ज्यावरून रंग ठरवतं ते नाव) लावा, जाताना काढा. रंग सीएसएसमध्येच राहू दे.

घटकाच्या आत चित्र किंवा स्पॅन (मजकुराचा वेगळा केलेला तुकडा) असेल तर माउसओव्हर आणि माउसआउट ही जोडी त्यांच्यावरून जातानाही पुन्हा पुन्हा चालते. ॲनिमेशन असेल तर ते अडखळतं. तिथे माउसएंटर आणि माउसलीव्ह वापरा, ते घटकाच्या हद्दीत शिरताना आणि बाहेर पडतानाच चालतात.

टॅब दाबत पानावर फिरणाऱ्यांना विसरू नका. तोच क्लास फोकसवर (टॅबने घटकावर आल्यावर) लावा, ब्लरवर (तिथून पुढे गेल्यावर) काढा.